फोटो काढणं आणि काढून टाकणं

गेल्या नोव्हेंबरात भाऊ वाशीहून आंब्याची पेटी घेऊन आला. ऐन नोव्हेंबरात आंबा! पेटीवर लिहिलेलं, 'मलावी हापूस'. "घे गं ताई, तुझ्या आफ्रिकेतल्या माहेरचे आंबे आलेत," असं म्हणून त्याने ती माझ्यापुढे ठेवली आणि घरातल्या सगळ्यांनी हसून घेतलं. कोकणातून कलमं नेऊन तिकडे बागा लावल्या आहेत म्हणे. विषुववृत्ताच्या खाली ऋतू उलटे, त्यामुळे आपल्याकडे स्वेटर निघतात तेव्हा तिथला आंबा पिकतो.

आंबा गोड होता, तक्रार नाही. पण मी ज्या आंब्याखाली दोन वर्षं बसले तो हापूस नव्हता. चांगला दातांत धागे अडकणारा रायवळ होता, आणि त्याच्या सावलीत दुसरीचा वर्ग भरायचा. त्या झाडाबद्दल, म्हणजे खरं तर त्याच्याखाली काढलेल्या फोटोंबद्दल, लिहायचं बरीच वर्षं राहून गेलंय. आज पेटीच्या निमित्ताने बसलेच आहे तर लिहून टाकते.

तर झालं असं की २००८ साली मी नोकरीतून दोन वर्षांची रजा घेतली आणि एका आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थेतर्फे मलावीला गेले. त्याआधी नऊ वर्षं मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवत होते. मलावी कुठे आहे ते मलाही नकाशा बघूनच कळलं होतं, त्यामुळे तुम्हाला माहीत नसेल तर लाजू नका :) झांबिया, टांझानिया आणि मोझांबिक या तिघांच्या बेचक्यात बसलेला चिंचोळा देश आहे. मी होते दक्षिणेला, झोंबा जिल्ह्यात. झोंबा १९७५ पर्यंत देशाची राजधानी होती. पश्चिमेला झोंबाचं पठार भिंतीसारखं उभं, त्यामुळे सूर्य लवकरच त्याच्यामागे जायचा. पूर्वेला चिल्वा नावाचं सरोवर. उथळ, खारट, पाण्याला बाहेर जायला वाटच नाही, आणि एखाद्या वर्षी चक्क आटूनही जातं. मधल्या सपाटीवर मका आणि भात. भाताची खाचरं पहिल्यांदा बघितली तेव्हा क्षणभर मावळात आल्यासारखं वाटलं होतं.

कामाचं स्वरूप सांगायचं तर आपल्याकडच्या केंद्रप्रमुखाच्या मदतनिसाचं. तिथेही शाळांचे झोन असतात आणि प्रत्येक झोनला एक शिक्षक विकास केंद्र. आमच्या झोनमध्ये अकरा शाळा. मी सायकलवरून एकेका शाळेत जायचे, पहिली-दुसरीच्या शिक्षकांबरोबर वर्गात बसायचे, आणि शनिवारी केंद्रावर सगळ्यांची मिळून बैठक. चौथीपर्यंत शिकवायचं ते चिचेवा भाषेत, पुढे इंग्रजी. माझं चिचेवा म्हणजे आनंदच होता. पण पहिलीची पोरं परक्या बाईला भाषा शिकवण्यात फार उदार असतात, हा माझा दोन्ही खंडांतला अनुभव आहे.

तिथल्या वर्गांविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. १९९४ साली मलावीत प्राथमिक शिक्षण मोफत झालं. एका वर्षात मुलांची संख्या सुमारे १९ लाखांवरून २९ लाखांच्या आसपास गेली. तेवढे शिक्षक आणायचे कुठून? म्हणून माध्यमिक शाळा झालेल्या हजारो तरुणांना जुजबी उजळणी देऊन थेट वर्गात उभं केलं. आमच्या झोनमधले निम्मे शिक्षक या '९४च्या तुकडीचे. एकेका वर्गात शंभर-सव्वाशे मुलं. खोल्या कमी, म्हणून धाकटे वर्ग झाडाखाली. घंटा म्हणजे फांदीला टांगलेलं गाडीचं चाक, त्यावर लोखंडी तुकडा आपटायचा. साहित्य नाही म्हणून 'टॅल्युलार' नावाची एक पद्धत तिथे शिकवतात, म्हणजे आसपास मिळेल त्यातून शैक्षणिक साधनं बनवायची. आपल्याकडे चिंचोके, तिथे बाटल्यांची झाकणं आणि मक्याची बुरकुंडं. तक्त्याला सिमेंटच्या गोणीचा आतला कागद. हे मला घरच्यासारखं वाटलं. आमच्या आईने वाई तालुक्यातल्या एकशिक्षकी शाळेत अशीच वर्षं काढली होती.

माझ्याकडे सात मेगापिक्सेलचा एक छोटा डिजिटल कॅमेरा होता, पेन्सिल सेलवर चालणारा. सेल चार्ज करायला बाजारपेठेतल्या केशकर्तनालयात द्यायचे. तिथे केस कापण्यापेक्षा मोबाईल चार्ज करण्याचा धंदा जास्त चालायचा. आणि मी फोटो काढत सुटले. झाडाखालचा वर्ग, अनवाणी पायांची रांग, मातीत काडीने अक्षरं गिरवणारा मुलगा, सायकलवर तीन माणसं आणि एक बोकड, विहिरीच्या हातपंपाशी बायका. महिन्यातून एकदा झोंब्याला जाऊन पाच-सहा फोटो घरी पाठवायचे. तिकडून उत्तरं यायची. मामीने लिहिलं होतं, "किती गं बोलके फोटो!" मी खूष.

चिचेवात फोटो काढण्याला 'कुजांबुला' म्हणतात. हाच शब्द चित्र काढण्यालाही. मला गंमत वाटली, कारण आपणही दोन्हीला 'काढणं'च म्हणतो. मी दिसले की पोरं ओरडायची, "तिजांबुलेनी!" आमचा काढा! गावात भारतीय बाई म्हणजे अप्रूपच होतं. तिथे भारतीय वंशाचे लोक पुष्कळ आहेत, त्यांना 'अम्वेन्ये' म्हणतात, पण ते शहरांत. १९७० च्या दशकात सरकारने त्यांना खेड्यांतला व्यापार बंद करायला लावून मोजक्या शहरांत पाठवलं होतं. त्यामुळे दुकानाच्या गल्ल्यामागे न बसता सायकल चालवणारी म्वेन्ये पोरांनी आधी पाहिलेली नव्हती.

पाचेक महिन्यांनी एका दुपारी आंब्याखालच्या वर्गाच्या मॅडम माझ्या शेजारी येऊन बसल्या. आम्ही दोघी एकमेकींना मॅडमच म्हणायचो. वयाने साधारण बरोबरीच्या, पण चिचेवात आपल्यासारखंच आदरार्थी बहुवचन आहे, आणि सहकाऱ्याशी ते वापरतात. त्यांनी कॅमेरा मागितला. मी बटण दाखवलं. त्या एकेक फोटो पुढे सरकवत गेल्या. बराच वेळ. एकदा-दोनदा हसल्या, मुलांची नावं घेतली. मग म्हणाल्या,

"ही सगळी माझी मुलं. मी कुठे आहे?"

"ह्या काय, इथे आहात की," मी एका फोटोवर बोट ठेवलं. फळ्यापाशी उभ्या होत्या, चितेंजेची कमरेवरची गाठ छान दिसत होती.

"ही माझी पाठ आहे," त्या म्हणाल्या.

मी घाईघाईने पुढचे फोटो बघायला लागले. दुसऱ्यात त्यांचा हात होता. तिसऱ्यात पायाशी पडलेली सावली. मी शिक्षकांबरोबर काम करायला आले होते. कॅमेऱ्यात त्या अकरा शाळांतले शेकडो फोटो होते, आणि तोंड दिसेल असा शिक्षक जवळजवळ एकातही नव्हता. का, तर खरं सांगते, शिक्षक बऱ्यापैकी कपडे घालून यायचे. इस्त्रीचा शर्ट, टाय, पॉलिश केलेले बूट. त्या झाडाखालच्या, धुळीतल्या फोटोत तो टाय मला खुपायचा. तो आला की फोटो 'बोलका' राहत नसे. हे तेव्हा मी स्वतःशी कबूल केलं नव्हतं. आता करतेय.

"रविवारी या," मॅडम म्हणाल्या. "चर्चनंतर. मी तयार असेन."

रविवारी गेले. दाराशी उभं राहून "ओडी!" अशी हाक द्यायची, आतून "ओडीनी" असं उत्तर आलं की आत जायचं. मॅडम, त्यांचे यजमान, तीन मुलं, आई, सगळे न्हाऊन-माखून बसलेले. बाहेर अंगणात खुर्च्या, मागे भिंतीवर फुलाफुलांचा चितेंजे पडद्यासारखा बांधलेला. शेजाऱ्यांचा रेडिओ मुद्दाम मागून आणून स्टुलावर ठेवलेला. आणि सगळे ताठ. हात गुडघ्यांवर. हसायचं नाव नाही. मी आपली "हसा की, बोला की आपापसांत" करतेय, आणि मॅडमची आई माझ्याकडे अशा नजरेने बघतेय की फोटो काढताना का कुणी हसतं?

ही बातमी पसरली. मग दर रविवारी कुणाच्या तरी घरी. सायकलशेजारी उभे यजमान. शिवणयंत्रावर हात ठेवलेली बाई. नवा गम्बूट घातलेला मुलगा. मी ते काढायचे, झोंब्याच्या बाजारात छापून आणायचे, वाटायचे. पण मनातून मला ते कंटाळवाणे वाटायचे. घरी पाठवायच्या पाच-सहा फोटोंत त्यातला एकही नसायचा. माझ्या लेखी ते उपकाराचे फोटो होते आणि माझे 'खरे' फोटो वेगळे.

आता जे लिहायचंय ते जरा अवघड आहे.

आमच्या एका लांबच्या शाळेत एक वयस्कर सर होते. '९४च्या तुकडीच्या खूप आधीचे, रीतसर प्रशिक्षण झालेले. सगळे शिक्षक त्यांना 'अगोगो' म्हणायचे, म्हणजे आजोबा, पण आदराने. पहिलीला शिकवायचे. सव्वाशे मुलांना गाण्यातून अंक शिकवताना मी त्यांना बघितलंय, आणि नऊ वर्षांच्या माझ्या नोकरीत मला जे जमलं नाही ते त्या तासाभरात वहीत उतरवून घेतलंय. उन्हाळ्यातही कोट घालून येत. कोपरावर ठिगळ, पण कोट.

नोव्हेंबरच्या शेवटी एकदा तास संपल्यावर ते म्हणाले, "मॅडम, माझा एक काढाल का? फळ्यापाशी. हातात खडू घेऊन. मुलांकडे तोंड करून." त्यांनी जागा पण दाखवली.

वर्गाला एकच खिडकी होती आणि तीही त्यांच्या पाठीमागे. फोटो काळा आला असता. शिवाय सेल उतरत आलेले. मी म्हटलं, "अगोगो, आज उजेड चांगला नाही. पुढच्या आठवड्यात सकाळी येते, मस्त काढू." ते म्हणाले, "झिकोमो, झिकोमो." म्हणजे धन्यवाद. तिथे लोक दोनदा म्हणतात.

पुढच्या आठवड्यात पाऊस सुरू झाला. पाऊस म्हणजे मक्याची पेरणी, सगळं गाव शेतात, आणि त्या शाळेच्या वाटेवरचा ओढा भरला. मग नाताळची सुट्टी. जानेवारीत शाळा उघडल्या तेव्हा कळलं की सर आजारी आहेत. काय होतंय, असं तिथे कुणी विचारत नसे. २००४ च्या पाहणीत त्या देशात दर शंभर प्रौढांत सुमारे बारा जणांना एचआयव्हीची लागण होती. मोफत औषधं नुकती कुठे खेड्यांपर्यंत पोचू लागली होती. मलेरिया तर घरोघर. त्यामुळे माणूस 'थोडा आजारी' असायचा, आणि मग एके दिवशी निरोप यायचा. फेब्रुवारीत निरोप आला.

झोनमधल्या सगळ्या शाळा बंद झाल्या. तिथे मयताला सगळं गाव जातं, जायलाच लागतं. बायका घरात जमिनीवर बसून, पुरुष बाहेर झाडाखाली. गाणी चालू. मी मॅडमच्या शेजारी पाय दुमडून तीन तास बसले होते. तो भुकेचा मोसम होता. जुना मका संपलेला आणि नवा अजून शेतात. तरी प्रत्येक घरातून ओंजळभर पीठ आलेलं मी बघितलं.

तीन आठवड्यांनी सरांचा मुलगा केंद्रावर आला. ब्लँटायरला नोकरी करायचा. फार सभ्यपणे, आधी माझी, मग माझ्या घरच्यांची, मग पावसाची चौकशी करून म्हणाला, "मॅडम, तुम्ही शाळांचे पुष्कळ फोटो काढता असं बाबा सांगायचे. त्यांचा एखादा असेल ना?"

घरात एकही नव्हता. मलावीत राष्ट्रीय ओळखपत्रं निघाली ती २०१७ मध्ये. प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रावर एक फोटो होता, पण ते वाळवीने खाल्लेलं.

मी त्याला दुसऱ्या दिवशी या म्हणून सांगितलं आणि रात्री बसले. चौदाशेच्या वर फोटो होते. त्या शाळेचे एकशे सात. मातीत अक्षरं गिरवणारा मुलगा त्याच शाळेतला, मामीला आवडलेला. खिडकीच्या गजांतून डोकावणाऱ्या मुली, चाकाच्या घंटेचे नऊ फोटो (नऊ!). सर सापडले एका फोटोत. समोर पोरं पाट्या उंच धरून बसलीयत, आणि उजव्या कडेला, अर्धे चौकटीबाहेर, कोट, खडू धरलेला हात आणि एका बाजूने चेहरा. थोडा धूसर, कारण फोकस पाट्यांवर होता.

झोंब्याला जाऊन मी त्या पोराला तेवढाच भाग कापून मोठा करायला सांगितला. तो म्हणाला, मॅडम, फुटेल. म्हटलं, फुटू दे. त्याने केला. मी तो फ्रेम करून मुलाला दिला. त्याने दोन्ही हातांनी घेतला, बराच वेळ बघितला आणि "झिकोमो, झिकोमो" म्हणाला. कोपरावरचं ठिगळ मात्र अगदी स्पष्ट आलं होतं.

उजेड चांगला नव्हता हे खरंच होतं. पण काळा का होईना, एक फोटो काढायला मला किती सेकंद लागले असते? हा हिशेब मी तेव्हापासून अनेकदा केलाय.

त्यानंतर मी एक नियम केला. कुठल्याही शाळेत गेलं की आधी शिक्षकांचा फोटो, त्यांना हवा तसा, हवा तिथे, तोही त्याच दिवशी. टायसकट. नंतर वेळ उरला तर बाकीचं. आणि गंमत म्हणजे ते ताठ फोटो मला हळूहळू वाचता यायला लागले. कुणी हातात वही घेतलीय, कुणी घड्याळाचा हात पुढे ठेवलाय, कुणी पडद्याच्या चितेंजेला पीन लावून सुरकुती काढलीय. प्रत्येकाने ठरवलं होतं की आपल्यातलं काय दिसायला हवं. आधीच्या माझ्या फोटोंत ते मी परस्पर ठरवत होते.

पण एवढं सरळही ते नव्हतं, म्हणून अजून एक प्रसंग सांगते.

जूनमधली गोष्ट. मका घरी आलेला, सगळीकडे उखळ-मुसळाचा आवाज. मी मॅडमकडे काही कागद द्यायला गेले. अंगणात त्यांची आई कोंडा काढायला मका कांडत होती. तिथे पांढरं शुभ्र पीठ करायचं तर मका कांडून कोंडा काढतात, मग दोन-तीन दिवस भिजवून, वाळवून दळतात. त्या पिठाची घट्ट उकड म्हणजे त्यांची न्सिमा. आईंचं मुसळ डोक्याच्या वर गेलेलं, टाचा जमिनीवरून उचललेल्या, आणि तोंड उघडं, कारण त्याच वेळी त्या नातवाला कोंबड्या हाकल म्हणून ओरडत होत्या. कॅमेरा गळ्यात होता. मी काढला. न विचारता. सवय!

त्यांनी मुसळ खाली ठेवलं आणि माझ्याकडे आल्या. मी पडद्यावर दाखवला. मला वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत. अंगावरच्या फाटक्या चितेंजेकडे बोट करून मॅडमना काहीतरी म्हणाल्या. मॅडम ओशाळून म्हणाल्या, "आई म्हणतेय, हा काढून टाका."

दोन वर्षांत काढलेल्या फोटोंतला तो सगळ्यात चांगला होता. हे मला तेव्हाच, त्या सेकंदाला, कळलेलं होतं. 'हो' म्हणायचं आणि ठेवून द्यायचा, हेही मनात येऊन गेलं. त्यांना कुठे कळणार होतं? पण आईंनी पडद्यावर नजर लावलेलीच होती. मी कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह दाबलं, 'होय' दाबलं, फोटो गेला. आईंनी माझ्या दंडावर थोपटलं, आत जाऊन साडीसारखा नवाकोरा चितेंजे नेसून आल्या आणि खुर्चीत ताठ बसल्या. तो काढला. छापून दिला.

आपल्या भाषेत किती सोय आहे बघा. फोटो काढला, फोटो काढून टाकला. क्रियापद तेच.

२०१० मध्ये परत आले. आईने सगळे फोटो बघायला मागितले. मी लॅपटॉपवर दाखवत होते आणि शिक्षकांचे ताठ फोटो लागले की पटपट पुढे सरकवत होते. म्हटलं, हिला काय त्यांचं. आई म्हणाली, "थांब, थांब. ह्या बाई कुठल्या वर्गाच्या? आणि ह्या?" मग उठली आणि ट्रंकेतून स्वतःचे फोटो घेऊन आली. दरवर्षी मार्चमध्ये वाईहून फोटोवाला यायचा, शाळेसमोर बाकं लावायचा. एकोणतीस फोटो. सगळ्यांत आई मधोमध खुर्चीवर, पदर दोन्ही खांद्यांवर, हात गुडघ्यांवर, हसायचं नाव नाही. एकाही फोटोत ती शिकवत नाहीये. "मी शिकवतानाचा एखादा असता तर बरं झालं असतं," ती अगदी सहज म्हणाली, "पण तेव्हा कोण काढणार?" मला अगोगोंचा फळा आठवला. मी काही बोलले नाही.

आता शेवटचं. मार्च २०२३ मध्ये फ्रेडी नावाचं चक्रीवादळ आलं. ऑस्ट्रेलियाच्या बाजूला जन्मून, अख्खा हिंदी महासागर ओलांडून, पाच आठवड्यांहून जास्त काळ फिरत राहिलेलं. दक्षिण मलावीत त्याने इतका पाऊस पाडला की डोंगरउतार वाहून आले. गेलेली आणि न सापडलेली माणसं मिळून आकडा हजाराच्या वर होता. ब्लँटायर, मुलांजे, फालोंबे, झोंबा अशी नावं आपल्याकडच्या बातम्यांत मी पहिल्यांदाच ऐकत होते. मॅडमना फोन लागेना. नवव्या दिवशी मेसेज आला. सगळे सुखरूप, मागची भिंत पडली, शेत गेलं, मका गेला. शाळेत बेघर झालेले लोक राहतायत, त्यामुळे वर्ग पुन्हा आंब्याखाली.

आणखी एक ओळ होती. पत्र्याची पेटी पाण्यात होती, फोटो एकमेकांना चिकटून गेले, तुमच्याकडे असतील का?

जुनी हार्ड डिस्क माळ्यावर होती. भावाच्या मुलाने कसली कसली वायर लावून ती चालू करून दिली. रविवारचे फोटो सगळे मिळाले. त्यांच्या घरचे एकोणीस. चितेंजेचा पडदा, शेजाऱ्यांचा रेडिओ, ताठ बसलेली आई. आई २०१६ मध्येच गेल्या होत्या, ते मला माहीत होतं. सगळे पाठवले. अगोगोंचा मूळ फोटोही दिसला, पाट्यांचा. तो त्यांच्या मुलाकडे पोचवायला मॅडमना पाठवला.

दोन दिवसांनी त्यांचा मेसेज आला. आईचा तो दुसरा फोटो, उखळापाशीचा, कुठे राहिला असेल का? खुर्चीतला फोटो चांगला आहे, पण त्यात आई पाहुण्यांसमोर बसायची तशी बसलीय. मुलांना सांगायचं होतं की आजी अशी होती.

मी खूप वेळ फोन हातात धरून बसले. मग लिहिलं, की नाही, मी तो त्यांच्यासमोर काढून टाकला होता. खरंच.

उत्तर आलं, बरोबर केलंत. ठेवला असता तर ती तुम्हाला वरून ओरडली असती. थोड्या वेळाने दुसरं आलं. पण असता तर मला आवडलं असतं.

दोन्ही खरं होतं. आणि यातून कुठला नियम काढावा हे मला आजही सुचलेलं नाही. आईंनी नको म्हटलं होतं आणि त्यांचा तो हक्क होता. लेकीला हवा होता आणि तोही तिचा हक्क. मधे मी आणि माझं ते बटण.

त्या रात्री मी मॅडमना एक लांबलचक मेसेज लिहिला. फोटो नाही, पण मला तो दिसतो आहे, म्हणून जे दिसतंय ते सगळं लिहिलं. मुसळ डोक्याच्या वर. टाचा उचललेल्या. डाव्या बाजूला कोंबड्या, मागे तुमचा मधला मुलगा, एका पायात चप्पल. आईचं तोंड उघडं, त्याला ओरडतायत. कमरेला हिरवा चितेंजे, काठाशी फाटलेला.

सकाळी उत्तर आलं होतं.

"हिरवा नाही मॅडम, निळा. तो गिरणीच्या पट्ट्यात अडकून फाटला होता. आणि तो मधला नव्हे, थोरला. बाकी बरोबर आहे."

मी माझ्या वहीत दुरुस्ती करून ठेवलीय. निळा. थोरला.